‘मॉक्ता’ या एका क्रियापदावर पारखलेले कोरियन शब्दकोश

कोरियन भाषा शिकू लागलेल्या माणसाला अगदी सुरुवातीच्या धड्यांत भेटणारे आणि पुढे कितीही शिकले तरी पुरते हाती न लागणारे क्रियापद म्हणजे ‘मॉक्ता’, अर्थात ‘खाणे’. (त्यातला पहिला स्वर आपल्या ‘अ’ आणि ‘ऑ’ यांच्या मधला आहे, देवनागरीत त्याला नेमके चिन्ह नसल्याने येथे ‘ऑ’ची खूण वापरली आहे.) एखाद्या शब्दकोशाची पारख करायची असेल तर दुर्मीळ, भारदस्त शब्द काढून पाहण्यात फारसा अर्थ नसतो, कारण अशा शब्दाला एखाददुसराच अर्थ असतो आणि तो कोणताही बरा कोश देतो. रोजच्या तोंडी असलेल्या शब्दाचे तसे नाही. त्याला वाच्यार्थाबरोबर लाक्षणिक अर्थ असतात, घरगुती अर्थ असतात, चारचौघांत उच्चारू नयेत असेही अर्थ असतात, आणि ते सगळे नीट उलगडून दाखवताना कोशकाराचा खरा कस लागतो. म्हणून दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेने इंटरनेटवर विनामूल्य ठेवलेल्या तीन शब्दकोशांचे हे परीक्षण मी मुख्यतः या एका क्रियापदाच्या आधारे करत आहे.

प्रथम या तिन्ही कोशांची ओळख करून दिली पाहिजे, कारण नवख्या विद्यार्थ्याचा गोंधळ इथूनच सुरू होतो. पहिला ‘फ्योजुन कुगॉ तेसाजॉन’, म्हणजे प्रमाण कोरियन बृहत्कोश. तो १९९९ मध्ये तीन जाडजूड खंडांत छापला गेला, त्यात सुमारे ५ लाख शब्द होते, आणि कोणता शब्द प्रमाण व कोणता नाही याबाबत कोरियात आजही त्याचाच निवाडा मानला जातो. दुसरा ‘हानगुगॉ किछो साजॉन’, म्हणजे मूलभूत कोरियन कोश. तो परदेशी विद्यार्थ्यांसाठी आहे, त्यात सुमारे ५० हजार नोंदी आहेत आणि त्यांचे अर्थ इंग्रजी, जपानी, अरबी, मंगोलियन, व्हिएतनामी अशा ११ भाषांत दिलेले आहेत. तिसरा ‘उरिमालसेम’, म्हणजे आपल्या भाषेचा झरा. तो ऑक्टोबर २०१६ मध्ये खुला झाला. त्यात सामान्य लोक नवे शब्द आणि अर्थ सुचवतात आणि तज्ज्ञ ते तपासतात. बोलीतले शब्द, पारिभाषिक शब्द आणि अलीकडचे नवे शब्द अशा सगळ्यांना त्यात जागा आहे.

प्रमाण कोशात ‘मॉक्ता’ शोधला की पहिलीच नोंद चकवते. ती खाण्याची नसून कान किंवा नाक बंद होऊन काम करेनासे होण्याची आहे. ‘कान मॉक्ता’ म्हणजे ऐकू येईनासे होणे, आणि हे क्रियापद खाण्याच्या क्रियापदासारखे दिसत असले तरी कोशाने त्याला निराळा शब्द मानून निराळा क्रमांक दिला आहे. खाण्याची नोंद दुसऱ्या क्रमांकावर येते. ही मांडणी मला मनापासून आवडते, कारण एकाच शब्दाचे अनेक अर्थ कोणते आणि योगायोगाने एकसारखे दिसणारे दोन शब्द कोणते, हा भेद विद्यार्थ्याला पहिल्याच पायरीवर दिसतो. घाईने पहिली ओळ वाचून पान बंद करणाऱ्याला मात्र हा कोश काहीच देत नाही.

खाण्याच्या नोंदीत सुरुवातीला अर्थातच वाच्यार्थ आहे, पण तोही वाटतो तितका सरळ नाही. कोरियन माणूस भात ‘मॉक्ता’ करतो तसेच औषधही ‘मॉक्ता’ करतो, मग ते गोळीच्या रूपात असो वा पातळ असो. पिण्यासाठी ‘माशिदा’ हे वेगळे क्रियापद असले तरी बोलताना दारूसाठीसुद्धा ‘मॉक्ता’ सर्रास वापरले जाते. मराठीत आपण औषध ‘घेतो’, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्याच्या जिभेवर इथे आपसूकच दुसरे क्रियापद येते. मूलभूत कोशातली उदाहरणे अशा वेळी फार उपयोगी पडतात, कारण आधी छोटे शब्दसमूह, मग पूर्ण वाक्ये आणि मग दोन माणसांमधला एखादा संवाद अशा चढत्या क्रमाने ती येतात, आणि क्रियापद कोणत्या नामाच्या सोबतीने फिरते हे वाचणाऱ्याला न सांगता कळत जाते.

या क्रियापदाची खरी श्रीमंती वाच्यार्थाच्या पुढे सुरू होते. कोरियनमध्ये माणूस वय खातो: ‘नाइरुल मॉक्ता’ म्हणजे वय वाढणे. चांद्र नववर्षाला, म्हणजे सॉल्लालला, तॉक्कुक नावाचे तांदळाच्या वड्यांचे सूप खाल्ले की माणूस एका वर्षाने मोठा होतो अशी तिथली समजूत आहे, आणि त्या दिवशी सूप आणि वय या दोन्हींसाठी एकच क्रियापद चालते. २८ जून २०२३ पासून कोरियाने सरकारी व कायदेशीर कामांसाठी आंतरराष्ट्रीय पद्धतीने वय मोजण्याचे बंधन घातले, तरी वय खाण्याचा वाक्प्रचार जागचा हललेला नाही. तसाच ‘माउमुल मॉक्ता’ हा प्रयोग. शब्दशः पाहिले तर मन खाणे, आणि अर्थ निश्चय करणे, मनाशी ठाम ठरवणे. मराठीत ‘मन खाते’ म्हटले की टोचणी लागल्याचा भाव येतो, म्हणून हा प्रयोग शब्दशः समजून घेणारा मराठी वाचक नेमका उलट्या दिशेला जाण्याची शक्यता असते. ‘कॉबुल मॉक्ता’, म्हणजे भीती खाणे, याचा अर्थ घाबरणे. आपल्याकडच्या ‘हाय खाणे’ आणि ‘कच खाणे’ या वाक्प्रचारांशी त्याचे नाते लगेच जुळते.

मराठी वाचकाला इथे एक मोठा लाभ आहे आणि तो इंग्रजीतून कोरियन शिकणाऱ्याला मिळत नाही. आपल्या भाषेतही माणूस मार खातो, शिव्या खातो, बोलणी खातो, लाच खातो, पैसे खातो, आणि फुटबॉलच्या मैदानावर संघ गोल खातो. कोरियनमध्ये ‘योगुल मॉक्ता’ म्हणजे शिव्या खाणे, ‘हान गोल मॉक्ता’ म्हणजे एक गोल खाणे, आणि लाचेसाठीही हेच क्रियापद. जे आपल्यावर येऊन आदळते आणि निमूट सोसावे लागते ते, आणि जे आपले नसताना गिळंकृत केले जाते ते, अशा दोन्हींसाठी दोन दूरच्या भाषांनी खाण्याचीच क्रिया निवडली आहे. इंग्रजी अर्थ वाचून जे पाठ करावे लागते ते मराठीतून पाहिले तर ओळखीचे वाटते. त्यामुळे मूलभूत कोशाच्या ११ भाषांत भारतातली एकही भाषा नाही याची खंत मला याच नोंदीपाशी सर्वांत अधिक वाटते.

जिथे साम्य संपते तिथे कोशाची परीक्षा अधिक कडक होते. कोरियन विद्यार्थी परीक्षेत पहिला क्रमांक खातो. शर्यतीत, स्पर्धेत पहिले येण्यालाही हेच क्रियापद चालते. चेहऱ्यावर मेकअप छान बसला तर मेकअप ‘चांगला खाल्ला’ असे म्हणतात, आणि या वाक्यात खाणारा कोणी माणूस नसतो, मेकअपच कर्त्याच्या जागी येतो. तिथली गाडीही पेट्रोल खाते, हे आपल्याला सहज कळते. पण मेकअपच्या वाक्याची बांधणी कळायला कर्ता कोण, कर्म आहे की नाही आणि कोणता प्रत्यय लागतो, हे पाहावेच लागते. या बाबतीत प्रमाण कोश चोख आहे. प्रत्येक अर्थगटाच्या आधी तो वाक्याची चौकट कंसात देतो, म्हणजे कर्म लागते का, ‘कशावर’ किंवा ‘कुठे’ असा शब्द लागतो का, हे अर्थ वाचण्यापूर्वीच समजते. बहुतेक विद्यार्थी हा कंस डोळ्यांआड करतात, आणि माझ्या मते संपूर्ण नोंदीतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

उन्हाळ्याची बाधा होणे यासाठी ‘तॉविरुल मॉक्ता’, म्हणजे उष्मा खाणे, असा प्रयोग आहे. चांद्र वर्षातल्या पहिल्या पौर्णिमेला पहाटे एखाद्याला नावाने हाक मारायची आणि त्याने ओ दिली की ‘माझा उष्मा विकत घे’ असे म्हणायचे, म्हणजे येणाऱ्या उन्हाळ्याची बाधा आपल्याला न होता त्याला होते, अशी कोरियात जुनी प्रथा आहे. शब्दकोशाने प्रथेची हकिगत सांगावी अशी अपेक्षा नाही, आणि उष्मा विकण्याच्या या प्रथेच्या नावाची स्वतंत्र नोंद प्रमाण कोशात आहे, हेही खरे. तरीही दोन नोंदी एकमेकींकडे बोट दाखवतील तर वाचकाला शब्दामागचे घर दिसेल, असे वाटत राहते.

आता परीक्षांकडे येतो, कारण कोरियन जीवनात परीक्षेचे स्थान मोठे आहे आणि या क्रियापदाचे बोलभाषेतले कितीतरी अर्थ तिच्याभोवती गोळा झाले आहेत. ‘मियॉक्कुगुल मॉक्ता’ म्हणजे समुद्रशेवाळाचे सूप खाणे. वाढदिवसाला हे सूप आवर्जून करतात, बाळंतिणीलाही देतात. पण शेवाळ निसरडे असते म्हणून परीक्षेच्या दिवशी ते टाळतात, आणि ‘ते सूप खाल्ले’ याचा अर्थ नापास झाले असा होतो. उलट परीक्षार्थीला ‘यॉत’ नावाची चिवट मिठाई देतात, कारण चिकटणे आणि उत्तीर्ण होणे या दोन्हींसाठी कोरियनमध्ये ‘पुत्ता’ हे एकच क्रियापद आहे. ‘मुल मॉक्ता’ म्हणजे पाणी खाणे. त्याचा वाच्यार्थ पाणी पोटात जाणे, आणि लाक्षणिक अर्थ परीक्षेत नापास होणे किंवा पदावरून डावलले जाणे. पत्रकारांच्या बोलीत तर दुसऱ्या वृत्तपत्राने बातमी आधी छापली की आपण ‘पाणी खाल्ले’ असे म्हणतात. तुरुंगात जाण्याला ‘खोंगबाप’, म्हणजे शेंगदाण्यांचा नव्हे तर सोयाबीनसारख्या दाण्यांचा भात, खाणे म्हणतात. आणि लग्नाचे वय झालेल्याला ‘आम्हाला शेवया कधी खाऊ घालणार’ असे विचारले तर तो प्रश्न लग्न कधी करणार हाच असतो.

यॉत मिठाईचा उल्लेख आला म्हणून तिच्याशी जोडलेली शिवीही सांगितली पाहिजे. ‘यॉन मॉगॉरा’, म्हणजे शब्दशः ‘यॉत खा’, हे वरवर निरुपद्रवी वाक्य कोरियनमध्ये चांगलेच शिवराळ आहे. डिसेंबर १९६४ मध्ये सोलमधल्या माध्यमिक शाळांच्या प्रवेश परीक्षेत यॉत बनवताना माल्टऐवजी काय वापरता येईल असा प्रश्न आला. अपेक्षित उत्तर डायस्टेस, म्हणजे पिठुळाची साखर करणारे विकर, असे होते, पण पर्यायांत मुळ्याचा रसही होता आणि मुळ्याच्या रसानेही यॉत होते, असे पालकांचे म्हणणे पडले. त्यांनी खरोखरच मुळ्याच्या रसाचा यॉत शिजवला आणि तो अधिकाऱ्यांपुढे नेऊन ठेवला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९६५ मध्ये निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने लागला. ही शिवी याच घटनेतून जन्मली असे बरेच लोक सांगतात, पण ती त्याआधीपासून होती असे मानणारेही आहेत. अशा लोकप्रिय व्युत्पत्तिकथांना कोशाच्या व्याख्येत थारा न देण्याची शिस्त मला योग्य वाटते. शब्दाची गोष्ट रंजक असली तरी ती सिद्ध झालेली असेलच असे नाही, आणि एकदा कोशात शिरली की ती बाहेर काढणे अवघड होते.

‘मॉक्ता’ दुसऱ्या क्रियापदाच्या शेपटाला लागते तेव्हा काय होते, हा या परीक्षणातला मला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग. ‘क्कामॉक्ता’चा वाच्यार्थ सोलून खाणे, उदाहरणार्थ संत्रे किंवा अंडे, रोजच्या बोलण्यातला अर्थ मात्र विसरणे. पासवर्ड विसरलो असे सांगताना तरुण कोरियन माणूस बहुधा हेच क्रियापद वापरतो. त्याचाच आणखी एक अर्थ जमा पुंजी उडवून टाकणे असा आहे. ‘मारामॉक्ता’ म्हणजे सुपात भात कालवून खाणे, आणि बोलीतला अर्थ धंदा किंवा घर पार बुडवणे. ‘उर्यॉमॉक्ता’ म्हणजे हाडे पुन्हा पुन्हा उकळून त्यांचा अर्क खाणे, आणि त्यावरून एकच जुनी कल्पना, एकच विनोद वारंवार वापरून घेणे. ‘प्पेमॉक्ता’ म्हणजे काढून खाणे, आणि शिकवणीला दांडी मारणे. या प्रत्येक जोडीत दुसरे क्रियापद ‘ते व्हायला नको होते’ असा नापसंतीचा सूर आणते. सहायक क्रियापद म्हणून ‘मॉक्ता’ची स्वतंत्र नोंद आहे आणि तिथे हा सूर स्पष्ट नोंदवलेला आहे. तो वाचल्यानंतर मग प्रत्येक जोडशब्द वेगळा पाठ करावा लागत नाही.

अडचण एवढीच की हे जोडशब्द कोशात आपापल्या जागी, स्वतंत्र नोंदी म्हणून आहेत. ‘मॉक्ता’ शोधणाऱ्याच्या नजरेला ते आपोआप पडत नाहीत. सविस्तर शोधात जाऊन ‘मॉक्ता’ने संपणारे शब्द मागवावे लागतात, आणि मग जी यादी उघडते ती पाहण्यासारखी असते. त्यातही कोणता प्रयोग एक शब्द म्हणून जोडून लिहायचा आणि कोणता दोन शब्दांत तोडून, हे प्रमाण कोशाशिवाय ठरवता येत नाही: घाबरणे, निश्चय करणे आणि शिव्या खाणे हे जोडूनही लिहिता येतात, वय खाणे मात्र तोडूनच लिहावे लागते. मुळातल्या कोरियन माणसांनाही इथे अडखळायला होते, म्हणून परदेशी माणसाने संकोच न करता दर वेळी कोश उघडावा.

नव्या बोलीसाठी उरिमालसेमला पर्याय नाही. ‘मॉकबांग’, म्हणजे खाण्याचे कार्यक्रम, हा शब्द ‘खाणे’ आणि ‘प्रक्षेपण’ या शब्दांची टोके जोडून झाला आणि इतका पसरला की सप्टेंबर २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशानेही तो घेतला. ‘मॉकथ्वी’, म्हणजे खाऊन पळणे, हा त्याहून अधिक तिखट शब्द आहे. मोठा मोबदला घेऊन त्याला साजेसे काम न करणाऱ्या खेळाडूला तो लावतात, आणि नफा उचलून निघून जाणाऱ्या गुंतवणूकदारालाही. २००३ मध्ये कोरिया एक्स्चेंज बँक घेऊन २०१२ मध्ये ती विकून बाहेर पडलेल्या एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या संदर्भात कोरियन वृत्तपत्रांनी तो वर्षानुवर्षे वापरला. असा शब्द केवळ ‘खाणे’ आणि ‘पळणे’ यांचे अर्थ जोडून कळत नाही. त्यामागचा राग कळायला हवा, आणि उरिमालसेमची व्याख्या तो राग मोजक्या शब्दांत पोहोचवते.

याच कुळातले ‘शिप्ता’, म्हणजे चावणे, हेही क्रियापद पाहावे. बोलीत त्याचा अर्थ एखाद्याच्या पाठीमागे त्याची निंदा करणे असा होतो, आणि आलेल्या निरोपाला उत्तर न देणे असाही. काकाओटॉक या कोरियातल्या निरोपांच्या अ‍ॅपवर पाठवलेल्या निरोपाशेजारी दिसणारा ‘१’ हा आकडा समोरच्याने निरोप वाचला की नाहीसा होतो. आकडा गेला आणि तरीही उत्तर आले नाही, तर ते ‘इक्शिप’, म्हणजे वाचून चावणे. मुद्दाम न उघडता आकडा तसाच ठेवला तर त्यालाही ‘आनिक्शिप’ असे वेगळे नाव आहे. मंचावर सर्वांवर मात करणाऱ्या कलाकाराने ‘मंच चावून खाल्ला’ असे चाहते म्हणतात, आणि त्याला आपल्या ‘भाव खाऊन जाणे’ यापेक्षा जवळचे मराठी मला सुचत नाही.

माझी मुख्य तक्रार खुणांविषयी आहे. प्रमाण कोश हीन किंवा शिवराळ अर्थापुढे ‘सोक्त्वेगे’, म्हणजे ‘ग्राम्य वापरात’, अशी खूण लावतो. ‘मॉक्ता’ला शरीरसंबंधांविषयीचा एक अपमानकारक अर्थ आहे आणि त्याला ही खूण योग्यच लागली आहे. परंतु ग्राम्यही नाही आणि औपचारिकही नाही असा जो मधला मोठा पट्टा आहे, त्याला बहुधा कोणतीच खूण नसते. पहिला क्रमांक खाणे हे मित्रांत बोलायला उत्तम, पण नोकरीच्या मुलाखतीत तसे सांगणे शोभत नाही. आणि नोंद वाचून हा फरक परदेशी माणसाच्या लक्षात येणार नाही. पूर्ण व्याकरणशुद्ध वाक्य बोलूनही उद्धट ठरण्याची पाळी येते ती इथेच. कोरियनसारख्या मानापमान जपणाऱ्या भाषेच्या कोशात ही उणीव मी किरकोळ मानत नाही.

आदराच्या बाबतीत मात्र मूलभूत कोश चांगली मदत करतो. मित्राला ‘जेवलास का’ विचारताना ‘मॉक्ता’ चालते, वडीलधाऱ्यांसाठी ‘तुशिदा’ किंवा ‘चाप्सुशिदा’ लागते, आणि ‘छॉमॉक्ता’ म्हणजे आपले ‘गिळणे’, रागाने म्हणायचे. या रूपांचे दुवे दिलेले असल्यामुळे एका शब्दावरून दुसऱ्यावर जाता येते. शब्दापुढचे तारे तो कोणत्या पातळीवर शिकावा हे सांगतात. ‘मॉक्ता’ला अर्थातच नवशिक्यांचे तीन तारे आहेत, जरी त्याच्या नोंदीचा निम्मा भाग पुढच्या पातळीवरच्या विद्यार्थ्यालाच पेलणारा असला. उच्चारही ऐकता येतो, आणि लिहिताना मऊ ‘द’ असलेले अक्षर ऐकू येताना कडक ‘त’ का होते हे त्याने कानाला पटते.

माझी शिफारस अशी, की नवशिक्याने मूलभूत कोशापासून सुरुवात करावी, पण व्याख्येवर न थांबता संवादाच्या उदाहरणांपर्यंत उतरावे. लिहिताना शंका आली की प्रमाण कोश उघडावा, आणि मालिका, गाणी किंवा निरोपांतला शब्द कुठेच सापडेना झाला की उरिमालसेमकडे वळावे. मूलभूत कोशाचा मजकूर मुक्त परवान्याखाली दिलेला आहे. श्रेय देऊन आणि तोच परवाना कायम ठेवून कोणालाही तो वापरता येतो, त्यात भर घालता येते. शिव्या खाणे, लाच खाणे, गोल खाणे असे तयार प्रतिशब्द हाताशी असलेल्या मराठी अभ्यासकांनी याच मजकुरावर कोरियन-मराठी कोशाचे काम सुरू करावे, आणि त्याची पहिली नोंद खुशाल ‘मॉक्ता’ची असावी.